लेकीची पहिली पाळी, उद्या गौरी आणि घरात बत्तीस माणसं

पुणेरी_चिंच | शनिवार, रात्री 11:50

घाईत लिहितेय, टायपो सांभाळून घ्या. गणपतीला कोकणात सासरी आलोय, दरवर्षीसारखे. घरात या घडीला बत्तीस माणसं आहेत आणि मी न्हाणीघराच्या मागच्या पायरीवर बसलेय कारण रेंज फक्त इथेच येते.

लेक अकरा वर्षांची, सहावीत. संध्याकाळी आरतीला दिसेना म्हणून शोधत माळ्यावर गेले तर चादर गुंडाळून बसलेली, चेहरा पांढराफटक. मला वाटलं ताप आला. तर म्हणे "आई, ते झालं बहुतेक." दुपारी दोन वाजल्यापासून! पाच तास पोरीने टिश्यू आणि बाबाचा रुमाल वापरून काढले, आणि सांगितलं कोणाला तर आठ वर्षांच्या चुलत बहिणीला. तिने सल्ला दिला की बँडेड लाव.

मला हसू पण आलं आणि रडू पण. कारण मी वर्षभर तयारी केलेली हो. चित्रं काढून समजावलं, पॅड कसं लावायचं ते दाखवलं, दप्तरात दोन पॅड आणि एक जादा चड्डीचा पाऊच ठेवला. तो पाऊच आत्ता पुण्यात, दप्तरात, सुखरूप. माझी तारीख दहा दिवसांनी म्हणून मी पण काही आणलं नव्हतं. शेवटी धाकट्या जावेकडून चार घेतले, ते एवढे लांब की लेक म्हणाली हे डायपर आहे का. मेडिकल नऊ किलोमीटरवर.

आता खरा पेच. आमच्या खड्याच्या गौरी. उद्या सकाळी कुमारिका पऱ्यावर (ओढ्यावर) जाऊन सात खडे मुक्याने घेऊन येते, आणि यंदा पाळी आमच्या लेकीची होती (ही दुसरी पाळी. देवाला पण विनोद सुचतात). नवीन परकर पोलका शिवलाय. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिला बाजूला बसवणार, हे नक्की. नाही सांगितलं आणि नंतर कळलं तर महाभारत. माझं म्हणणं की तिने जावं, मी भांडायला तयार आहे. नवरा म्हणतो तू ठरव, म्हणजे नेहमीप्रमाणे.

शिवाय रक्त लाल नाही, चॉकलेटी डाग आहेत नुसते. हे नॉर्मल ना? कोणी जागं असेल तर सांगा.

भाकरवडी | रात्री 11:58

आधी लेकीला माझ्याकडून एक घट्ट मिठी. बँडेडवाल्या बहिणीला पण :)
चॉकलेटी डाग नॉर्मल, माझ्या मुलीचे पहिले दोन महिने तसेच होते. डॉक्टर लोक येतीलच.

मिरजेची_सतार | रविवार, रात्री 12:06

आमच्याकडे सणाला सगळ्याजणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, मेडिकलवाला न विचारता देतो. एक देऊन बघा, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

डॉ_कडुनिंब | रात्री 12:14

सतार, कृपया असं लिहू नका, कोणीतरी खरंच देईल. एकतर त्या गोळ्या पाळी यायच्या तीन दिवस आधी सुरू करायच्या असतात, सुरू झालेली पाळी थांबवायचं ते औषध नाही. आणि अकरा वर्षांच्या मुलीला, पहिल्याच पाळीत, गौरीसाठी हॉर्मोन? गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्या ओपीडीत रोज चार-पाच बायका याच गोळ्या मागतात, मोठ्या बायकांनाही मी बीपी, मायग्रेन, पायात गुठळीचा इतिहास विचारल्याशिवाय देत नाही.

चिंचताई, चॉकलेटी डाग म्हणजे सावकाश बाहेर आलेलं जुनं रक्त. काळजी नको. पहिली पाळी नुसत्या डागांची, दोन दिवसांची असू शकते किंवा नीट सात दिवस चालू शकते. पुढची कधी येईल हे तिचं शरीर अजून ठरवतंय. मेंदू, पिट्युटरी ग्रंथी आणि बीजकोश यांचं आपसातलं तंत्र जमायला दोन-तीन वर्षं लागतात, सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांत बीज बाहेरच पडत नाही. म्हणून या वयात 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं, सुरुवातीला एखाद वेळी दोन महिने जातील. लगेच सोनोग्राफी करायला धावू नका आणि पीसीओडी (बीजकोशांचा हॉर्मोनचा आजार) हा शब्द उच्चारू नका, आजकाल बाराव्या वर्षी मुली स्वतःच मला सांगतात की मला पीसीओडी आहे.

पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, डाग कमी असले तरी. एका पाळीत सगळं मिळून 30-40 मिली रक्त जातं, दोन-तीन मोठे चमचे. मुलींना वाटतं बादलीभर गेलं. तिला हा आकडा सांगा, भीती कमी होते.

डॉक्टरकडे कधी जायचं तर दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांच्या वर चाललं, चक्कर येत असेल तेव्हा. पहिल्याच पाळीपासून असा भरपूर रक्तस्राव असेल तर हिमोग्लोबिनसोबत रक्त गोठण्याची तपासणी पण करून घ्यावी, फॉन विलेब्रांड नावाचा आजार कितीतरी मुलींत असाच पहिल्यांदा लक्षात येतो, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त यायचा इतिहास असतो. पोट दुखलं तर गरम पाण्याची पिशवी, आणि तेवढ्याने नाही भागलं तर तुमच्या डॉक्टरांना विचारून वेदनाशामक, भरल्या पोटी. सहन कर, सगळ्यांनाच होतं, असं सांगू नका.

खवचट_काका | रात्री 12:31

विज्ञान झालं, आता संस्कृतीचं बोलू. पूर्वी बाजूला बसवायचे ते बाईला विश्रांती मिळावी म्हणून. आजकाल सगळ्यालाच विटाळ म्हणून नाकं मुरडायची फॅशन झालीय. चार दिवस आराम मिळतोय तर घ्यावा की.

वाड्यातली_माई | रात्री 12:47

झोप येत नाही वयामुळे, म्हणून वाचत होते. काका, विश्रांती हा शब्द वाचून खरंच हसले. सोलापूरला आमच्या वाड्यात माझी आई, दोन काक्या, आत्या, महिन्यातून चार दिवस मागच्या सोप्यात. स्वैपाकघरात यायचं नाही एवढंच. बाकी गहू निवडणं, तूर निवडणं, वर्षाच्या चिंचा फोडणं, गोधड्या उसवणं हे सगळं "बाहेरच्या" बाईच्याच वाट्याला. आम्ही पोरं विचारायचो काकू का बसलीय तिकडे, तर कावळा शिवला म्हणायचे. मी कितीतरी वर्षं कावळ्याला घाबरून पदराखाली, म्हणजे फ्रॉकच्या घेराखाली हात लपवून अंगणात जायची. थंडीत सतरंजी एकच, आणि चौथ्या दिवशी गार पाण्याने डोक्यावरून अंघोळ. ही विश्रांती असेल तर मग सक्तमजुरी कशाला म्हणायचं.

माझ्या वेळी, मी तेरा वर्षांची, आईने एका वाक्यात उरकलं. "आता उड्या मारायच्या नाहीत." मला वाटलं लंगडी खेळताना पोटात काहीतरी फुटलं. दीड वर्ष मी तसंच समजत होते.

भाकरवडी | रात्री 12:52

माई __/\__
आता उड्या मारायच्या नाहीत हे वाक्य महाराष्ट्रभर कोणी छापून वाटलं होतं का? मला पण हेच.

हैदराबादी_लोणचं | रविवार, सकाळी 6:20

आमच्या सोसायटीत उलटा प्रकार. तेलुगू लोकांत पहिल्या पाळीचं हाफ सारी फंक्शन, हॉल, केटरिंग, पत्रिका छापून, फोटोग्राफर. तमिळ लोकांत हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालतात, आसामात केळीशी लग्न लावतात, ओडिशात तर जूनमध्ये रज संक्रांत, तीन दिवस धरतीमातेलाच पाळी म्हणून नांगरट बंद आणि मुली झोक्यावर. मला वाटायचं किती छान, लपवाछपवी नाही. पण माझ्या मुलीची मैत्रीण त्या स्टेजवर खुर्चीत बसली होती ना, दोनशे माणसं अक्षता टाकतायत, व्हॅनवाले काकासुद्धा जेवायला, तिचा चेहरा बघून माझी मुलगी घरी येऊन म्हणाली की मला झालं तर मी तुला सांगणारच नाही.

वाड्यातली_माई | सकाळी 6:55

लोणचं, आपल्याकडे पण होतं की हे सगळं. न्हाण आलं की मखरात बसवायचे, रोज कोणाकडून तरी गोडाधोडाचं, ओटी, गाणी. माझ्या आईचं झालं होतं. पण ते मुलीच्या आनंदासाठी नव्हतं हे लक्षात घ्या. लग्न आठव्या नवव्या वर्षीच झालेलं असायचं, न्हाण आलं म्हणजे आता सासरी पाठवायला, गर्भाधानाला तयार, ही गावाला दिलेली दवंडी. 1891 मध्ये सरकारने संमतीवयाचा कायदा आणला तो कशासाठी, तर शरीरसंबंधाला संमतीचं मुलीचं वय दहावरून फक्त बारा करायला. त्यावरून केवढा गदारोळ, टिळकांचाही विरोध होता, कारण न्हाण बाराच्या आत आलं तर गर्भाधान संस्कार चुकतो म्हणे. पुढे 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा झालं. म्हणून आजकाल कोणी न्हाणाचा सोहळा परत सुरू करू म्हटलं की मला जरा धडकी भरते.

पुणेरी_चिंच | सकाळी 7:05

सगळ्यांचे आभार, डॉक्टर तुमचे तर फारच. पण इथे वेगळाच भूकंप झालाय.

जावेकडून पॅड घेताना तिला सांगावं लागलंच. सकाळी सहा वाजता तिने फॅमिली ग्रुपवर टाकलं, "आमची चिमणी मोठी झाली, सगळ्यांनी आशीर्वाद द्या", पुढे केक, फुलं आणि नाचणारी बाई. मनात काही वाईट नाही हो तिच्या, खरंच प्रेमाने. पण ग्रुपवर एकोणसाठ जण. ठाण्याच्या काकांनी अंगठा दिला. एका आतेदिराने "कॉंग्रॅट्स, कोणती परीक्षा?" विचारलं. आणि हे सगळं लेकीने वाचलं कारण ती गेम खेळायला माझाच फोन घेऊन बसली होती.

मी जावेला सांगून डिलीट करायला लावलं. त्याने काय झालं, तर "हा मेसेज डिलीट केला" एवढी ओळ राहिली आणि ज्यांनी वाचला नव्हता ते सगळे विचारायला लागले, काय होतं ग? काय होतं?

लेक बोलत नाहीये माझ्याशी. सासूबाईंना अर्थातच कळलं. सगळे तयार होतायत, साडेनऊला पऱ्यावर जायचंय.

नाव_ठेवायचं_राहिलं | सकाळी 7:18

तुमच्या जावेने एकोणसाठ लोकांत सांगितलं, बरोबर. तुम्ही इथे सांगितलंत. हा धागा गूगलवर येतो, लॉगिन न करता वाचता येतो. गावाचं नाव पण लिहिलंय तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये. तुमच्या घरात हे संस्थळ वाचणारं कोणीच नाही याची खात्री आहे का?

टोमणा म्हणून नाही लिहीत. मी स्वतः बारा वर्षांची असताना आईने शेजारच्या काकूंना गॅलरीतून ओरडून सांगितलं होतं, मी आज चौतीस वर्षांची आहे आणि त्या बिल्डिंगच्या जिन्यात मला आजही खाली मान घालून जावंसं वाटतं.

खवचट_काका | सकाळी 7:25

एरवी तुम्हीच म्हणता लपवायचं काय त्यात, नैसर्गिक आहे. आता सांगितलं तर तेही चुकलं. एक काय ते ठरवा बायांनो.

नाव_ठेवायचं_राहिलं | सकाळी 7:29

काका, तुम्हाला मूळव्याध असेल तर ती पण नैसर्गिकच. ग्रुपवर टाकू का?

भाकरवडी | सकाळी 7:30

हसून हसून पुरेवाट. सकाळी सकाळी चहा नाकातून आला.

पुणेरी_चिंच | सकाळी 7:41

नाव_ठेवायचं_राहिलं, कानफटात बसली पण योग्य बसली. गावाचं नाव काढलंय. धागा उडवावा का विचार करतेय, पण डॉक्टरांचा प्रतिसाद बाकीच्यांना उपयोगी आहे म्हणून संपादकांना विचारते. जाते आता वर माळ्यावर. तुम्ही लोकांनी एवढं सगळं लिहिलंत आणि मी एवढं सगळं ठरवलं, भांडायचं की नाही, न्यायचं की नाही, पण तिला एकदाही विचारलं नाही की तुला काय हवंय. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

दोन_मुलग्यांचा_बाप | सकाळी 8:10

जरा वेगळा प्रश्न, धागा हायजॅक करत नाही. मला दोन मुलगे, तेरा आणि दहा. यांना काय सांगायचं आणि कधी? मोठ्याच्या शाळेत परवा सहावी-सातवीच्या मुलींना हॉलमध्ये बसवून व्याख्यान झालं, मुलांना ग्राउंडवर सोडलं. घरी येऊन विचारतो, बाबा मुलींना काय सिक्रेट सांगितलं? मी म्हटलं अभ्यासाचं काहीतरी. आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली.

झेडपीची_बाई | सकाळी 8:34

शिक्षिका आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत, विदर्भात. बापमाणूस, तुम्ही विचारलंत हेच खूप. सांगा, आजच सांगा, दहाच्यालाही. राज्य मंडळाच्या पुस्तकात मासिक पाळीचा धडा दहावीच्या विज्ञानात येतो. माझ्या वर्गात पाचवीत दोघींना आली. पुस्तक पाच वर्षं उशिरा पोचतं.

मुलग्यांना कळलं नाही तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे, 2023 मध्ये उल्हासनगरला बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवर डाग दिसला, पहिलीच पाळी, तिला स्वतःला नीट सांगता आलं नाही आणि तिच्या तीस वर्षांच्या सख्ख्या भावाने तिचे कोणाशी तरी संबंध आहेत असं समजून तिला मारहाण केली, ती गेली. मी ती बातमी वाचली त्या आठवड्यापासून मुलांना वर्गाबाहेर काढणं बंद केलं. पहिले पाच मिनिटं खिदळतात. मग एखादा हळूच विचारतो, माझ्या आईला दुखतं का मग? की झालं.

गावाकडचं वास्तव थोडं सांगते. पॅड मिळत नाही असं आता राहिलं नाही. 2018 ला अस्मिता योजनेत मुलींना पाच रुपयात आठ पॅड मिळायला लागले, जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक मिळतं, त्याच वर्षी जीएसटी पण गेला. पण पॅड आहे आणि संडासात पाणी नाही, दाराला कडी नाही, वापरलेलं टाकायला डबा नाही. मुली दिवसभर एकच ठेवतात, पाणी पीत नाहीत म्हणजे जावं लागणार नाही. नाहीतर सरळ घरी. महिन्याचे तीन दिवस गैरहजर मुलीचं कारण आमच्या हजेरीपटावर "ताप" असतं. मी एक स्टीलचा डबा, जुनी वर्तमानपत्रं आणि दोन जादा सलवारी कपाटात ठेवल्यात, चावी सातवीच्या दोघींकडे, माझ्याकडे नाही, त्यांना माझ्याकडे मागायला यावं लागू नये म्हणून. दर महिन्याला सलवारी धुऊन, घडी घालून परत येतात, कोणी नेल्या ते मला माहीत पण नसतं.

आणि लोहाच्या निळ्या गोळ्या. आठवड्याला एक, शाळेत फुकट. मुली खिडकीतून फेकतात कारण मळमळतं आणि शी काळी होते, पालक घाबरून येतात भांडायला. काळी होणारच हो, लोखंड आहे. जेवल्यावर घ्यायची, त्यावर लगेच चहा नाही, एवढं पाळलं तर त्रास कमी.

डॉ_कडुनिंब | सकाळी 9:02

झेडपीच्या बाईंना दंडवत. चावी मुलींकडे, हे मी आमच्या शाळा तपासणीत सगळीकडे सांगणार.
लोहाबद्दल दुजोरा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के अॅनिमिक निघाल्या. दहातल्या सहा. शहरातल्या, पिझ्झा खाणाऱ्या पण त्यात आहेत. पाळी सुरू झाली की दर महिन्याला लोह जाणार आणि त्याच वर्षांत उंची वाढत असते. हळीव, नाचणी, पालेभाजीवर लिंबू, चालत असेल तर मटण-कलेजी.

मिरजेची_सतार | सकाळी 9:11

गोळ्यांबद्दल सॉरी डॉक्टर, माहीत नव्हतं. एक विचारू का, माझी भाची आठ वर्षं दोन महिन्यांची, छातीत एका बाजूला गाठ लागते, दुखते म्हणते. वहिनी म्हणते चिकन बंद कर, ब्रॉयलरमधल्या हॉर्मोनमुळे मुली लवकर मोठ्या होतायत. आणि एकदा पाळी आली की उंची थांबते म्हणे, म्हणून घरात सगळे टेन्शनमध्ये.

डॉ_कडुनिंब | सकाळी 9:40

चिकन निर्दोष आहे. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत वाढते ती निवडक जातींच्या पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे, प्रत्येक कोंबडीला हॉर्मोनची इंजेक्शनं टोचत बसणं कोणाला परवडणार आहे. तळलेलं रोज देत असाल तर वेगळं, कारण वाढलेलं वजन आणि लवकर वयात येणं यांचा संबंध मात्र खरा आहे. कोविडच्या लॉकडाउनमध्ये अशा केसेस वाढल्याचं इटलीपासून आपल्यापर्यंत डॉक्टरांनी नोंदवलं.

ती गाठ म्हणजे बहुधा स्तनाची कळी. एका बाजूला आधी, दुसरीकडे काही महिन्यांनी, हे नेहमीचं. दाबून बघू नका पुन्हापुन्हा. आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी सुरू झालं तर ते लवकर धरतात. भाची अगदी सीमेवर आहे, आणि सुरुवात आधीच झाली असेल, म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, जमलं तर मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञांना. डाव्या हाताचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, उंचीचा वेग बघतात. गरज असेल तर पाळी लांबवणारी इंजेक्शनं असतात, ती सुरक्षित आहेत, पण सगळ्यांनाच लागत नाहीत.

कळीपासून पहिल्या पाळीपर्यंत साधारण दोन-अडीच वर्षं जातात. त्यातल्या शेवटच्या सहा महिने-वर्षभर चड्डीवर पांढरा चिकट डाग दिसतो, तो आजार नाही, ती सूचना. हाच पाऊच भरायचा मुहूर्त. उंची पाळी आल्यावर थांबत नाही, वेग कमी होतो. सरासरी पाच ते सात सेंटीमीटर तरी वाढते नंतर. उलट बाजूही सांगतो, पंधरा पूर्ण झाली आणि पाळी आली नाही, किंवा तेरापर्यंत छातीचा काहीच बदल नाही, तर वाट बघत बसू नका.

ग्लासगोचा_पाऊस | दुपारी 1:15

इथे स्कॉटलंडमध्ये पॅड-टॅम्पॉन सगळ्यांना फुकट मिळण्याचा कायदा आहे, 2022 पासून लागू. शाळेच्या बाथरूममध्ये टोपली ठेवलेली असते, उचलायचं, कोणाला विचारायचं नाही. मला फार कौतुक होतं. आणि तरी माझ्या मुलीने पहिल्यांदा झालं तेव्हा मला सांगितलं नाही, मैत्रिणीच्या आईला सांगितलं. का, तर म्हणे तू लगेच आजीला व्हिडिओ कॉल केला असतास. बरोबर होतं तिचं, केलाच असता.

पुणेरी_चिंच | रविवार, रात्री 10:30

आज काय झालं ते सांगते, शक्य तेवढं तिचं तिच्याकडेच ठेवून. संपादकांनी सांगितलं धागा राहू दे, आणि मी आता रीतसर तिला विचारून लिहितेय. ती म्हणाली, लिही, पण बँडेडचं नको लिहू. ते आधीच लिहून बसलेय, ते तिला कसं सांगू कळत नाहीये.

सकाळी वर गेले, म्हटलं तुला जायचंय का पऱ्यावर? जायचं असेल तर मी आजीशी बोलते, कोणी तुला अडवणार नाही. मला वाटलं मिठी मारेल. तर म्हणाली, "मला नाही जायचं. विटाळ बिटाळ म्हणून नाही, मला पोटात दुखतंय आणि सगळ्यांना माहितीये आणि सगळे माझ्याकडे बघतील. तू भांडू नकोस, भांडलीस की अजून बघतील." मी वर्षभर ज्या लढाईची तयारी केली ती लढायला माझी सैनिकच तयार नाही. मी म्हटलं बरं. परकर पोलका बँडेडवालीला दुमडून शिवून दिला आणि तिने खडे आणले, तोंडात पाणी धरून, एकदाही न हसता.

मग सासूबाई. मी धास्तावलेले. त्यांनी खाली सगळ्यांना सांगितलं, "पोरीला ताप आहे, कोणी वर जाऊ नका." ग्रुपवर सगळ्यांना माहीत असताना! पण त्यांनी सांगितलं म्हणजे तोच ताप. दुपारी गुडघे दुखत असताना शिडीच्या तेरा पायऱ्या चढून ताट घेऊन वर आल्या, भाकरी आणि शेपूची भाजी, गौरीचा नैवेद्य झाल्यावरचं. ताट जमिनीवर ठेवलं आणि हाताने पुढे सरकवलं, म्हणजे शिवणार नाही अशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग तिच्या केसांकडे बघितलं, कालपासून विंचरलेले नव्हते. म्हणाल्या काय हे, झिपऱ्या. बसल्या, तेल मागवलं, अर्धा तास लावून दोन वेण्या घातल्या, तिला स्वतःची गोष्ट सांगितली, काय ती मला दोघींनीही सांगितलेली नाही, मला खाली पाठवलं होतं. मग खाली आल्या आणि सोवळ्यात जायच्या आधी परत डोक्यावरून अंघोळ केली. मी बघत होते नुसती. यावर मला रागही येईना आणि कौतुकही करवेना.

परवा ऋषिपंचमीला आम्ही सगळ्यांनी ऋषीची भाजी मिटक्या मारत खाल्ली. त्या व्रताची कहाणी पाळीत शिवाशिव झाल्याच्या दोषाची आहे हे मला आज सासूबाईंकडून कळलं. चाळीस वर्षं मला वाटत होतं तो मिक्स भाज्यांचा सण आहे.

नवरा सकाळीच गाडी काढून मेडिकलला गेला. तिथे त्याने तीन साइझचे पॅड, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि मोठी डेअरी मिल्क आणली. मेडिकलवाल्याने पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, वर दोरी बांधून दिले, चॉकलेट उघडं. लेक म्हणाली, बाबा, बॉम्ब आणलास का?

वाड्यातली_माई | रात्री 10:52

वेण्या घातल्या आणि मग अंघोळ केली. अगदी आमची आई. अगदी.

खवचट_काका | रात्री 11:05

सोवळं त्यांचं, वेण्या पण त्यांच्याच. मी काही बोलत नाही. पोरीला आशीर्वाद. (मूळव्याध नाही मला, ग्रुपवर टाकू नये.)

दोन_मुलग्यांचा_बाप | रात्री 11:20

दोघांना बसवून सांगितलं आज. घसा कोरडा पडला होता. मोठा म्हणाला माहितीये मला अर्धं, यूट्यूबवर बघितलं. धाकट्याने विचारलं, "दर महिन्याला? कायम?" म्हटलं पन्नाशीपर्यंत. तो म्हणाला "बाप रे" आणि उठून आईसाठी पाणी घेऊन गेला, तिला काही झालेलं नसताना.

पुणेरी_चिंच | पुढचा शनिवार, दुपारी 4:10

पुण्यात परत आलो. पाच दिवस चाललं, आता ठीक आहे. वापरलेले पॅड गाडीतून इथपर्यंत आणले कारण गावात टाकायचे कुठे, सासूबाई म्हणाल्या परसात पूर, प्लास्टिक कसं पुरणार. इथे कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे दिले, आमच्याकडे कचरा वेचायला येणाऱ्या मावशींनी शिकवलंय, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही. लेकीने स्वतः ठिपके काढले, एकावर स्मायली.

तिने कॅलेंडरवर खूण केलीय, तारखेवर छोटी फुली, कोणाला कळू नये म्हणून शेजारी "गणिताची टेस्ट" लिहिलंय. जाऊबाईंचा फोन आला होता, रडल्या, लेक म्हणाली काकू इट्स ओके, पण माझं काहीच टाकू नकोस आता, मार्क पण नको.

एक शंका राहिली. तिची आहे, माझी नाही. तिला विचारायचंय की पुढच्या वर्षी खडे आणायला ती "चालेल" का? म्हणजे कुमारिका ही नक्की कुठपर्यंत? सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या बघू पुढच्या वर्षी.

भाकरवडी | दुपारी 4:31

आमच्याकडे लग्न होईपर्यंत कुमारिका. माझ्या नणंदेने छत्तिसाव्या वर्षी आणलेत.

मिरजेची_सतार | दुपारी 4:40

आमच्यात न्हाण येईपर्यंतच. पण आमच्या मुखवट्याच्या गौरी, खड्यांचं माहीत नाही. अवांतर: भाचीची अपॉइंटमेंट मंगळवारची मिळाली.

ग्लासगोचा_पाऊस | संध्याकाळी 5:05

इथे कुमारिका मिळतच नाही, गेल्या वर्षी माझ्या मुलाने आणले, नऊ वर्षांचा. बागेतून. मुक्याने राहायचं एवढंच त्याला जमलं नाही.